जांभळ्या रंगाची वाट पाहताना

२०१० साली पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी.ला लागले, तेव्हा घरी सांगितलं, "प्लास्टिकपासून सोलर सेल करायचाय." आईने विचारलं, "कसलं प्लास्टिक? बादलीचं?" त्या दिवशी मला धड उत्तर देता आलं नव्हतं.

आज देता येईल. बादलीच्या प्लास्टिकमधले इलेक्ट्रॉन आपापल्या बंधात घट्ट बसलेले असतात. आमच्या पॉलिमरच्या साखळीत मात्र एक बंध एकेरी, पुढचा दुहेरी, परत एकेरी अशी रांग लागलेली असते. त्यामुळे काही इलेक्ट्रॉन कुठल्याच एका बंधाचे राहत नाहीत, ते साखळीच्या लांबीवर पसरतात. मग तो पदार्थ प्रकाश शोषतो, वीज वाहतो आणि जमून आलं तर उजेडही देतो. शिवाय तो द्रावकात विरघळतो, म्हणजे शाईसारखा काचेवर किंवा प्लास्टिकच्या कागदावर पसरता येतो. सिलिकॉन वितळवायला १४१४ अंश सेल्सिअसची भट्टी लागते. आमचं काम दीडशे अंशांच्या हॉटप्लेटवर भागतं.

माझा पदार्थ होता पॉली-३-हेक्झिलथायोफिन, लॅबच्या भाषेत पी३एचटी. त्याच्यासोबत सहा वर्षं काढली. त्यातून गाठीशी जे उरलं ते आठवेल तसं लिहिते. नव्याने लागणाऱ्या पोरापोरींना त्यातलं थोडं उपयोगी पडेल, थोडं त्यांना स्वतःच्या हाताने बिघडवूनच कळेल.

१. घट्ट झालेलं सगळं बिघडलेलं नसतं

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. क्लोरोबेंझिनमध्ये पी३एचटी टाकून रात्रभर साठ अंशांवर ढवळत ठेवलं होतं. निघताना बघितलं तेव्हा ते झेंडूच्या रंगाचं, पातळ होतं. सकाळी येऊन पाहते तर हॉटप्लेट बंद (टायमर कोणी लावला, तर मीच) आणि बाटलीत काळपट जांभळा गोळा, जेलीसारखा थरथरणारा. हवा लागून खराब झालं असं समजून मी ते सरळ वेस्टच्या कॅनमध्ये ओतून टाकलं. ग्रॅमला हजारो रुपये पडणारा माल.

दुपारी लॅबमधल्या सीनिअर ताईला सांगितलं, तर ती कपाळाला हात लावून बसली. "अगं, नुसतं गरम करायचंस. दहा मिनिटांत परत नारिंगी झालं असतं."

थंडीत खोबरेल तेल गोठतं म्हणून आपण बाटली फेकत नाही. हेही तसंच. गार झाल्यावर साखळ्या सरळ होऊन एकमेकींना चिकटून थर लावतात आणि त्या रचनेमुळे रंग नारिंगीचा जांभळा होतो. गरम केलं की थर सुटतात. मी फेकलं ते खराब तर नव्हतंच. फिल्ममध्ये मला जे हवं होतं, तेच त्या बाटलीत आयतं घडत होतं.

या क्षेत्राची सुरुवातच मुळी न फेकलेल्या चुकीतून झाली. १९६७ साली तोक्योमध्ये हिदेकी शिराकावा यांच्याकडे आलेल्या एका पाहुण्या संशोधकाने पॉलिॲसिटिलिन करताना उत्प्रेरक चुकून हजारपट जास्त टाकला. नेहमीच्या काळ्या भुकटीऐवजी चंदेरी पापुद्रा आला. शिराकावांनी तो जपला, तसा मुद्दाम करायला शिकले. पुढे ॲलन मॅकडायर्मिड तोक्योला आले असताना चहाच्या वेळी त्या पापुद्र्याचा विषय निघाला. मॅकडायर्मिडनी शिराकावांना पेनसिल्व्हेनियाला बोलावून घेतलं. तिथे ॲलन हीगर यांच्यासोबत त्याला आयोडीनची वाफ दिली आणि त्याची विद्युतवाहकता कोट्यवधी पटींनी वाढली. हे १९७७ साली छापून आलं. २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. वेस्टचा कॅन भरण्याआधी मी आता एकदा बाटली गरम करून बघते.

२. सॉक्सलेटला घाई कळत नाही

दुसऱ्या वर्षी आम्ही पॉलिमर स्वतः करायला घेतलं. रिॲक्शन तासा-दोन तासांची. खरं काम त्यानंतरचं, धुण्याचं.

सॉक्सलेट ज्यांनी बघितलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. खाली फ्लास्कमध्ये द्रावक उकळत असतो. वाफ वर जाऊन थंड होते आणि थेंबाथेंबाने मधल्या नळकांड्यात पडते. तिथे कागदी थिंबलमध्ये तुमचा पॉलिमर बसवलेला असतो. नळकांडं काठोकाठ भरलं की बाजूच्या बारीक नळीतून सगळं एकदम भडभडून खाली जातं आणि थेंब पुन्हा सुरू होतात. फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी १८७९ साली दुधातलं स्निग्ध काढायला हे उपकरण केलं. आम्ही त्यात आधी मिथेनॉल चालवतो, मग ॲसिटोन, मग हेक्झेन, शेवटी क्लोरोफॉर्म. प्रत्येकाला जवळजवळ एक दिवस.

मिथेनॉल क्षार आणि उत्प्रेरकाचा राडा घेऊन जातं. ॲसिटोन पिवळसर होतं. हेक्झेन मात्र छान नारिंगी होत जातं आणि इथेच जीव तुटतो, कारण हेक्झेनमधून जे जातंय तेही पॉलिमरच आहे, फक्त आखूड साखळ्यांचा. पहिल्या बॅचला मी हेक्झेन चालवलंच नाही. वहीत ७१ टक्के यील्ड लिहिताना फार बरं वाटलं. त्या मालाच्या सेलची कार्यक्षमता, म्हणजे पडलेल्या प्रकाशातला जो वाटा वीज होऊन मिळतो तो, एक टक्क्याच्या वर गेली नाही.

पुढच्या बॅचला दीड दिवस हेक्झेन चालवलं. यील्ड ४८ टक्क्यांवर आलं आणि त्याच कृतीने केलेले सेल अडीच टक्क्यांच्या पुढे गेले. विद्युतभार एका साखळीवरून दुसरीवर उडी मारत जातो. साखळ्या आखूड असल्या की उड्या जास्त, आणि दर उडीला अडखळणं आलं. स्टॅनफर्डच्या एका गटाने २००३ साली पी३एचटीवर हे मोजून दाखवलं होतं. साखळीचं सरासरी रेणुवजन तीन-चार हजारांवरून तीस-पस्तीस हजारांवर नेलं की भाराची चाल हजारो पटींनी वाढते. पेपर मी वाचलेला होता. तरी यील्डचा मोह सुटला नव्हता.

(जाता जाता: जीपीसीच्या यंत्रातून जे रेणुवजन येतं ते पॉलिस्टायरिनच्या मापाने काढलेलं असतं. पॉलिस्टायरिन लोकरीच्या गुंड्यासारखं गोळा होतं, पी३एचटी त्यापेक्षा ताठ. म्हणून यंत्र आकडा फुगवून सांगतं. तो आकडा मिरवू नका.)

३. टिनचा वास लक्षात ठेवा

पी३एचटीनंतर नव्या पॉलिमरसाठी स्टिली कपलिंग नावाची रिॲक्शन करावी लागली. त्यात सेंद्रिय टिनची संयुगं लागतात, ती विषारी असतात आणि त्यांचा वास डोक्यात बसतो. तो वास फ्यूम हूडच्या बाहेर आला याचा अर्थ तुमचं काहीतरी चुकलंय. हातमोजे दोन जोड्या, आणि तेच हातमोजे घालून दाराच्या कडीला हात लावायचा नाही. याहून जास्त सांगण्यासारखं नाही, पण हे न पाळणाऱ्याच्या शेजारच्या हूडवर मी काम करत नाही.

४. काच भांड्यासारखी घासायची नसते

आमची फिल्म ०.२ मायक्रॉन जाडीची, आणि डोक्याचा केस सत्तर-ऐंशी मायक्रॉनचा. म्हणजे डोळ्याला न दिसणारा धुळीचा कणसुद्धा त्या फिल्मच्या मानाने डोंगर. त्यावर ॲल्युमिनियम चढवलं की वरचं आणि खालचं इलेक्ट्रोड तिथे भेटतात, सेल शॉर्ट.

आयटीओचा पारदर्शक थर दिलेली काच आधी साबणाच्या पाण्यात, मग साध्या शुद्ध पाण्यात, मग ॲसिटोनमध्ये, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, प्रत्येक वेळी पंधरा मिनिटं सोनिकेटरमध्ये ठेवायची. नायट्रोजनने वाळवायची. मग वीस मिनिटं यूव्ही-ओझोन. हे सगळं प्रत्येक पेपरात एका ओळीत दिलेलं असतं. चिमट्याने काच कुठे धरायची ते मात्र कुठल्याच पेपरात नसतं. एकाच कोपऱ्यात, दर वेळी त्याच. तो कोपरा वाया गेला असं धरायचं. काच वाळवताना नायट्रोजनचा झोत मधून कडेकडे न्यायचा, नाहीतर कडेचं पाणी परत मध्ये येऊन वाळतं आणि डाग राहतो. तो डाग पेडॉट टाकल्यावर दिसतो. पेडॉट-पीएसएस हे शाईसारखं निळं, पाण्यातलं द्रावण, ते काचेवर पहिल्यांदा चढतं. जिथे डाग तिथे ते फाटतं.

५. झाकण उघडू नका

हा मुद्दा मी सगळ्यात जास्त वेळा बोलले असेन आणि तरी दर वर्षी नवीन कोणीतरी वाळत्या फिल्मवरचं झाकण उघडतं.

आधी झाकण का ठेवायचं ते. पॉलिमरवर प्रकाश पडला की लगेच सुटा इलेक्ट्रॉन मिळत नाही. इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली रिकामी जागा यांची जोडी तयार होते, तिला एक्सायटॉन म्हणतात. ही जोडी घट्ट असते, आपोआप सुटत नाही, आणि तिचं आयुष्य जेमतेम. तेवढ्या वेळात ती दहाएक नॅनोमीटर फिरते. त्या टप्प्यात तिला इलेक्ट्रॉन ओढून घेणारा दुसरा पदार्थ भेटला तर जोडी फुटते आणि वीज मिळते. नाही भेटला तर सगळा खटाटोप थोडीशी उष्णता होऊन संपतो. पॉलिमरचा इलेक्ट्रॉन फुलरीनकडे, म्हणजे साठ कार्बन अणूंच्या चेंडूकडे, किती झटपट उडी मारतो हे १९९२ साली सॅरिचिफ्ची आणि हीगर यांच्या गटाने दाखवलं. १९९५ साली हीगर यांच्याच गटाने दोन्ही पदार्थ एकत्र विरघळवून एकाच फिल्ममध्ये मिसळले. आमचा दुसरा पदार्थ पीसीबीएम, म्हणजे तोच चेंडू, विरघळावा म्हणून शेपटी लावलेला.

आता हे मिश्रण कसं हवं? चिक्कीसारखं नको. चिक्कीत गूळ सलग असतो आणि दाणे सुटे. इथे गूळही सलग हवा आणि दाणेही सलग हवेत, कारण इलेक्ट्रॉनला एका वाटेने एका टोकाला जायचंय आणि रिकाम्या जागेला दुसऱ्या वाटेने दुसऱ्या टोकाला. शिवाय कुठलाही ढेकूळ दहा-वीस नॅनोमीटरपेक्षा मोठा नको. हे हाताने कोणी रचू शकत नाही. फिल्म वाळताना ते आपोआप रचलं जातं, तुम्ही फक्त वाळण्याचा वेग ठरवता.

म्हणून झाकण. डायक्लोरोबेंझिनमधली फिल्म कमी वेगावर फिरवायची, ती ओली असतानाच स्पिन-कोटर थांबवायचा, आणि काच उचलून पेट्री डिशमध्ये ठेवून लगेच झाकायची. फिल्म सुरुवातीला नारिंगी असते. पाच मिनिटं काहीच होत नाही. मग एका कडेकडून तपकिरी छटा येते, ती हळूहळू आत सरकते, आणि वीसेक मिनिटांत पूर्ण काच पिकल्या जांभळाच्या रंगाची होते. २००५ साली लॉस एंजेलिसच्या गटाने असं सावकाश वाळवून ४.४ टक्के कार्यक्षमता मिळवली होती. त्याच वर्षी हीगर यांच्या गटाने वेगळ्या वाटेने, म्हणजे पूर्ण सेल दीडशे अंशांवर भाजून, पाच टक्के गाठले.

झाकण पाळूनही माझ्या तिसऱ्या वर्षीच्या जुलैमध्ये सलग अकरा दिवस एकही सेल दोन टक्क्यांवर गेला नाही. माल तोच, कृती तीच, हातही तेच. माझ्या गाईड सरांनी वही मागितली. स्पिनचा वेग, वेळ, तापमान, सगळं लिहिलेलं होतं.

"ग्लव्हबॉक्सच्या आत केलंस?"

"फिल्म आत केली, सर. पेडॉट बाहेर."

"आणि पेडॉट भाजल्यावर काच आत न्यायला किती वेळ?"

मला सांगता येईना. कधी दोन मिनिटं, कधी मधे चहा. मार्चमध्ये त्या चहाने काही बिघडत नव्हतं. पुण्याच्या जुलैमध्ये, जिथे कपाटातल्या बुटांना बुरशी येते, तिथे पेडॉट त्या दहा मिनिटांत पाणी पिऊन बसायचं आणि मग आत जाऊन माझ्या फिल्मखाली ते पाणी सोडायचं. दुसऱ्या दिवसापासून हॉटप्लेट ग्लव्हबॉक्समध्ये, म्हणजे हवा-ओल आत न येऊ देणाऱ्या बंद पेटीत, गेली आणि वहीत एक नवा रकाना आला: आर्द्रता. साडेतीनशे रुपयांचं एक मीटर भिंतीवर लावलं. पुढे सगळ्या प्रबंधात त्या मीटरइतकं स्वस्त आणि कामाचं काही विकत घेतलं नाही.

६. पंपाचा आवाज ऐकायला शिका

व्हॅक्यूमचं यंत्र सांभाळणारे एक काका होते. शिक्षण आयटीआयचं, आणि त्या यंत्रापाशी माझ्यापेक्षा वीस वर्षं जास्त उभे राहिलेले. ॲल्युमिनियम चढवायचं तर चेंबरमधला दाब दहाचा उणे सहावा घात मिलीबारपर्यंत खाली न्यावा लागतो. त्याला तीन तास लागायचे. मी मीटरकडे बघत बसायचे. काका बाहेर खुर्चीवर पेपर वाचायचे आणि मधेच म्हणायचे, "रोटरी जड चाललाय. कुठंतरी गळतंय." ओ-रिंगवर केस सापडायचा. माझाच.

एका संध्याकाळी ॲल्युमिनियम चढवणं चालू असताना वीज गेली. मी टॉर्च शोधत होते. काकांनी अंधारातच आधी मोठा व्हॉल्व्ह फिरवून बंद केला. डिफ्यूजन पंपातलं तेल तापलेलं होतं, व्हॉल्व्ह उघडा राहिला असता तर तेलाची वाफ उलटी चेंबरमध्ये गेली असती आणि मग आठवडाभर धुणं. व्हॉल्व्ह बंद झाल्यावर म्हणाले, "आता शोध टॉर्च."

ॲल्युमिनियम सुरुवातीला सेकंदाला एक अँगस्ट्रॉम या हिशेबानेच चढवायचं, हेही त्यांचंच. घाई केली की तापलेले अणू मऊ फिल्ममध्ये घुसतात. मी एकदा उशीर झाला म्हणून वेग पाचपट केला. सोळापैकी अकरा सेल शॉर्ट निघाले. काकांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

७. आनंद झाला की आधी क्षेत्रफळ मोजा

चौथ्या वर्षी एके दिवशी सोलर सिम्युलेटरखाली ठेवलेल्या सेलने ६ टक्के दाखवले. व्होल्टेज ०.५८, फिल फॅक्टर ०.६०, आणि करंट दर चौरस सेंटिमीटरला १७.२ मिलीॲम्पिअर. मी मैत्रिणीला फोन केला. घरी फोन केला. मग सरांकडे गेले.

सरांनी व्होल्टेजकडे बघितलंच नाही. "पी३एचटी कुठपर्यंत प्रकाश घेतं?"

"साडेसहाशे नॅनोमीटर."

"तिथपर्यंत सूर्यप्रकाशात फोटॉन किती? प्रत्येक फोटॉनमागे एक इलेक्ट्रॉन मिळाला असं धर."

त्यांच्या टेबलावरच हिशेब केला. जास्तीत जास्त करंट येतो १४ मिलीॲम्पिअरच्या आसपास. माझा सेल सूर्याने दिलेल्यापेक्षा जास्त घेत होता.

दोन गोष्टी होत्या. दिव्याची तीव्रता महिनाभर कोणी प्रमाणित सेलने तपासली नव्हती, ती वाढलेली होती. आणि मी मास्क लावला नव्हता. माझा सेल चार चौरस मिलिमीटरचा, पण खाली पेडॉट पूर्ण काचेवर पसरलेलं. पेडॉट स्वतः वीज वाहतं. त्यामुळे सेलच्या आजूबाजूची फिल्मही गुपचूप आपला करंट आणून देत होती आणि मी तो सगळा चार चौरस मिलिमीटरने भागत होते. पातळ पत्र्याचा मास्क लावून, दिवा नीट करून परत मोजलं. करंट ९.१. कार्यक्षमता ३.२ टक्के.

घरी परत फोन केला नाही. आई अजून कधीतरी म्हणते, "तुझे ते सहा टक्के."

८. खरखरही जपून ठेवा

मोजमापातली बारीक खरखर, ज्याला आम्ही नॉइज म्हणतो, ती ग्राफमध्ये कुरूप दिसते म्हणून पुसायची ओढ होते. आमच्या क्षेत्रात तिचं महत्त्व सगळ्यांना ठाऊक असायला हवं. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधला यान हेंड्रिक श्योन सेंद्रिय ट्रान्झिस्टरांवर दणादण पेपर छापत होता. माझ्याच पी३एचटीच्या फिल्ममध्ये अतिवाहकता सापडल्याचा पेपर त्याने २००१ साली नेचरमध्ये छापला. वेगवेगळ्या प्रयोगांच्या ग्राफमध्ये नॉइज हुबेहूब सारखा आहे, हे लोकांच्या लक्षात आलं तिथे सगळं उघडं पडलं. खरखर प्रत्येक मोजमापाला वेगळी असते, ती दोनदा तशीच येत नाही. चौकशी समितीने २००२ साली २४ आरोपांपैकी १६ सिद्ध झाल्याचं सांगितलं. प्रयोगवही नव्हती, आणि मूळ फाइली संगणकात जागा नव्हती म्हणून पुसल्या, असं त्याचं म्हणणं.

नवीन मुलांना मी हा किस्सा सांगते तेव्हा ती श्योनला हसतात. मग मी त्यांना त्यांच्या पेन ड्राइव्हवरची "फायनल_फायनल२" नावाची फाइल उघडायला लावते आणि विचारते, याच्या मागचा कच्चा डेटा दाखव. बहुतेकांना सापडायला तास लागतो. मलाही लागायचा.

९. आठातला एक सेल सगळ्यांकडे असतो

एका काचेवर आठ सेल. त्यातला एक चांगला निघतो, त्याचा आकडा पेपरात जातो. बाकीच्या सातांचं काय झालं ते विचारा, दुसऱ्यालाही आणि स्वतःलाही. माझा सर्वोत्तम ४.१ टक्के होता. त्या महिन्यातल्या चालू सेलची सरासरी ३.३. परीक्षकांपुढे मी दोन्ही आकडे ठेवले. ४.१ कडे त्यांनी बघितलं नाही, ३.३ वर मात्र अर्धा तास प्रश्न विचारले आणि तो अर्धा तास मला आवडला.

१०. तुमचं मटेरियल तुमच्याआधी म्हातारं होईल

मी सुरुवात केली तेव्हा पी३एचटी राजा होता. संपेपर्यंत तो बिचारा पाठ्यपुस्तकातला झाला. पॉलिमर सोलर सेल बाजारात आणणारी अमेरिकेतली कोनार्का ही कंपनी, जिच्या संस्थापकांत खुद्द हीगर होते, २०१२ साली दिवाळखोरीत गेली. त्या दिवशी आमच्या लॅबमध्ये चहा कोणी प्यायला नाही असं नाही, पण बोलणं कमी झालं. २०१५ साली चीनमध्ये फुलरीनची जागा घेणारे चपटे, लांबट रेणू आले. २०१९ साली चांगशा इथल्या झोऊ यिंगपिंग यांच्या गटाने वाय६ हा रेणू आणला आणि आकडा १५.७ टक्क्यांवर गेला. आज तो १९च्या पुढे आहे. माझा साडेतीन-चारचा आकडा बघून मुलं सौजन्याने गप्प बसतात.

आणखी एक चिमटा. १९८९ साली केंब्रिजमध्ये पीपीव्ही या पॉलिमरला व्होल्टेज लावल्यावर त्यातून पिवळट-हिरवा उजेड आला, १९९० साली ते नेचरमध्ये छापलं गेलं, आणि आता पडदे शाईसारखे छापता येतील असं सगळ्यांना वाटलं. तुमच्या खिशातल्या फोनचा ओएलईडी पडदा मात्र पॉलिमरचा नसतो. तो लहान रेणूंचा असतो, व्हॅक्यूममध्ये चढवलेला, कोडॅकच्या टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी १९८७ साली दाखवलेल्या वाटेने. म्हणजे शाईचा हट्ट आम्ही धरला आणि पडदा काकांच्या पंपाने जिंकला. काकांना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले होते.

तरी पी३एचटी शिकायला मी आजही पहिलं देते. ते चुकांना लवकर रंग दाखवतं.

११. सेल कपाटात ठेवला तरी जगत नाही

पेडॉट आम्लधर्मी असतं, ते खालच्या आयटीओला खातं. वरचं ॲल्युमिनियम कडेकडून हवा आणि ओल घेतं आणि ऑक्साइडचा थर धरतं. मधला पॉलिमर प्रकाश आणि ऑक्सिजन एकत्र मिळाले की विटतो. म्हणून उलट्या रचनेचे सेल आले, खाली झिंक ऑक्साइड, वर चांदी, ते हवेत बरेच जास्त टिकतात. डेन्मार्कमध्ये फ्रेडरिक क्रेब्स यांच्या गटाने तसले सेल प्लास्टिकच्या गुंडाळीवर वर्तमानपत्रासारखे छापूनही दाखवले. माझा ४.१चा सेल मात्र जुन्या पद्धतीचा होता. कडेला इपॉक्सी, वर काच, प्लास्टिकच्या डबीत, ड्रॉवरमध्ये. दोन वर्षांनी काढून मोजला तेव्हा करंट जवळजवळ संपला होता. व्होल्टेज ०.३.

काका निवृत्त झाले त्या दिवशी निरोपाचा कार्यक्रम आटोपल्यावर ते व्हॅक्यूमच्या खोलीत आले. यंत्रावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "तुझा तो पहिला नंबरवाला आहे का अजून? नातवाला दाखवीन म्हणतो, आपण काय करत होतो ते."

मी ड्रॉवरमधून डबी काढून दिली. त्यांनी काच खिडकीच्या उजेडात धरली. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या मधून जांभळं ऊन त्यांच्या तळहातावर पडलं.

"याच्यावर पंखा फिरेल?"

"नाही काका. आता मल्टिमीटरसुद्धा नीट हलणार नाही."

"बरं," म्हणाले, आणि डबी शर्टाच्या खिशात टाकली. "रंग तर आहे ना अजून."